धावपट्टीकडे तोंड करून

साधकहो, सिद्धतेला आपण बहुधा पायरी समजतो. लग्नघराची सिद्धता असो, वारीला निघण्यापूर्वीची असो की परीक्षेची, पुढे काहीतरी घडायचे आहे, ते घडले की सिद्धतेचे काम संपले आणि तिचे सारे पुण्य त्या घडण्याच्या खाती जमा झाले, असाच आपला हिशेब असतो. पण जगात अशीही एक सिद्धता आहे की जी अहोरात्र राखायची, जिच्यासाठी माणसांनी आपले तारुण्य वेचायचे, जिच्यावर कोट्यवधींचा खर्च करायचा, आणि एवढे करून ती वापरण्याची वेळ कधीही येऊ नये म्हणून देवाला हात जोडायचे. विमानतळावरच्या अग्निशमन केंद्रात ती नांदते. तिच्याकडे आज जरा निवांतपणे पाहू, कारण पुष्कळ वर्षे या शब्दाभोवती फिरल्यावर मला असे वाटू लागले आहे की त्या केंद्रात सिद्धता पायरी राहत नाही, तीच गाभारा होते.

आधी वस्तू पाहू. गावातला आगीचा बंब आपल्या ओळखीचा आहे. तो घटनास्थळी जाऊन थांबतो, जवान उतरून होज अंथरतात आणि मग पाण्याचा मारा सुरू होतो, टाकीतले पाणी संपत आले तर जवळपासचे पाणी शोधून ते जोडता येते. विमानतळावरच्या वाहनाला आपल्याकडे क्रॅश फायर टेंडर म्हणतात, आणि तिथली माणसे नुसते सीएफटी म्हणून मोकळी होतात. हे वाहन आपले पाणी, आपला फोम आणि आपली डीसीपी, म्हणजे आग दडपणारी कोरडी रासायनिक पावडर, पोटात घेऊनच निघते, कारण धावपट्टीच्या मध्यावर जळणाऱ्या विमानाजवळ जोडायला नळ नसतो, आणि असला तरी जोडायला वेळ नसतो. त्याच्या टपावर आणि पुढच्या बंपरवर मॉनिटर बसवलेला असतो, म्हणजे फेसाचा झोत दूरवर फेकणारा फिरता नळा; तो आत बसलेला माणूस हातातल्या दांडीने वळवतो, आणि वाहन न थांबता, चालता चालता मारा करू शकते. चाके उंच आणि रुंद असतात, सगळ्या चाकांना इंजिनाची ओढ असते, म्हणजे पावसाने भिजून भुसभुशीत झालेल्या गवतातूनही ते विमानापर्यंत जावे. 4,500 लिटरहून अधिक पाणी वाहणाऱ्या अशा वाहनाने उभ्या जागेवरून 40 सेकंदांच्या आत ताशी 80 किलोमीटरचा वेग गाठावा, अशी आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, मार्गदर्शिकेची अपेक्षा आहे. ऑस्ट्रियातल्या रोझेनबाउअरचे पँथर, अमेरिकेतल्या ऑशकॉशचे स्ट्रायकर ही नावे या क्षेत्रात सर्वांच्या तोंडी असतात. परंतु वाहन कितीही बलाढ्य असले तरी ते सिद्धतेचे शरीर झाले. तिच्या प्राणापर्यंत आपण अजून पोचलेलो नाही.

त्या प्राणाचे पहिले लक्षण काळाशी बांधलेले आहे. आयकाओच्या अॅनेक्स 14 मध्ये सांगितले आहे की हवा स्वच्छ आणि जमीन कोरडी असताना वापरातल्या धावपट्टीवरच्या कोणत्याही ठिकाणी अग्निशमन सेवेने 3 मिनिटांच्या आत पोचले पाहिजे, आणि शक्य तर 2 मिनिटांत पोचावे. यातली खरी खोच पुढे आहे. हा काळ पहिली हाक कानावर पडल्या क्षणापासून मोजायचा, आणि तो संपतो कधी, तर पहिले वाहन अशा जागी येऊन उभे राहील की ठरलेल्या मात्रेच्या निम्म्या तरी मात्रेने फेस टाकता येईल, तेव्हा. गाडी केंद्रातून सुटली, वाटेत आहे, दिसू लागली, यांपैकी कशालाही तिथे पोचणे म्हणत नाहीत. आपल्या साधनेत आपण किती वेळा निघण्यालाच पोचणे मानून समाधान करून घेतो, हे ज्याचे त्याने पाहावे. इथे मात्र सिद्धतेचे माप समोरच्या जिवाला प्रत्यक्ष आधार मिळण्याच्या क्षणावर ठेवलेले आहे, आणि हे माप ज्यांनी ठरवले त्यांच्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे.

या तीन मिनिटांसाठी काय काय करावे लागते, त्यातली एकच लहानशी गोष्ट जवळून पाहा. सीएफटी केंद्रात उभे असते, तोंड धावपट्टीकडे, आणि उभे असताना त्याच्या बॅटरीला विजेची आणि ब्रेकच्या टाक्यांना दाबाखालच्या हवेची जोडणी दिलेली असते. अशा अवजड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबाशिवाय सुटत नाहीत, आणि इंजिन सुरू करून दाब भरेपर्यंत थांबायचे म्हटले तर मोलाचे क्षण तिथेच जातील. म्हणून ते विश्रांतीतही भरलेले राहते. पुढे हाक आली, चालकाने इंजिन सुरू केले, की अनेक वाहनांत या जोडणीचा प्लग आपोआप खटकन बाहेर फेकला जातो. कोणी खाली उतरून तो काढायचा नसतो. त्या प्लगपाशी मला नेहमी थबकायला होते. सिद्धता म्हणजे केवळ शक्ती साठवणे असे आपण धरून चालतो, पण जिथून शक्ती मिळते तिथला बंधही हाकेसरशी सुटला पाहिजे, ओढून काढायला लागता कामा नये, हे त्या हातभर वायरीत कुणीतरी विचारपूर्वक रचून ठेवले आहे. घर, केंद्र, आसन, सत्संग ही सारी भरून घेण्याची ठिकाणे. भरून घेतल्यावर तिथून क्षणात सुटता येते का, हा पुढचा प्रश्न आहे आणि तो अधिक अवघड आहे.

आता पाण्याकडे वळू, कारण सिद्धतेचा सर्वांत खोल पदर मला तिथे सापडतो. विमानाची लांबी आणि त्याच्या धडाची रुंदी पाहून विमानतळाचा अग्निशमन वर्ग 1 ते 10 असा ठरतो. ए380 हे दुमजली विमान 10 व्या वर्गात मोडते, आणि त्या वर्गासाठी, ‘बी’ दर्जाचा फेस वापरायचा असेल तर, निदान 3 वाहनांवर मिळून 32,300 लिटर पाणी आणि ते मिनिटाला 11,200 लिटर या गतीने फेकण्याची क्षमता असावी लागते. भागाकार करून पाहा. तेवढे अवाढव्य पाणी पूर्ण वेगाने सोडले तर 3 मिनिटेसुद्धा पुरत नाही. कित्येक टन इंधन घेऊन आलेल्या विमानापुढे एवढीच का तयारी, असा प्रश्न पहिल्यांदा मनात येतो, आणि त्याचे उत्तर मिळाले की सिद्धतेकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. ते पाणी सबंध आग विझवण्यासाठी मोजलेलेच नाही. विमानाच्या धडालगतचा जो पट्टा आहे, ज्यातून माणसे उतरून पळणार, आणि ज्यात ज्वाळा राहिल्या तर धडाचा पातळ अॅल्युमिनियमचा पत्रा एक-दीड मिनिटात वितळून आग आत शिरणार, तेवढ्या पट्ट्यातली आग 1 मिनिटात आटोक्यात आणायची आणि पुढे काही काळ ती पुन्हा उसळू द्यायची नाही, यासाठी ते मोजलेले आहे. या सेवेचा मुख्य हेतू जीव वाचवणे हा आहे असे अॅनेक्स 14 स्वच्छ शब्दांत सांगते. विमान गेले तर जावो. डोळ्यांदेखत शेकडो कोटींची वस्तू जळत असताना तिच्याकडे पाठ फिरवून दारासमोरची वाट थंड ठेवत राहायचे, हा विवेक ऐन वेळी सुचत नाही. तो पाण्याच्या मापातच आधी मुरवून ठेवलेला असतो. काय सोडून द्यायचे आहे हे आधी ठरलेले असणे, हा सिद्धतेचा अर्धा भाग आहे, असे मी त्या आकड्यांवरून शिकलो.

वाहनातला फोम हे मिश्रण आहे. पाण्याच्या शंभर भागांत तीन किंवा सहा भाग या प्रमाणात फोम कंपाउंड मिसळते आणि त्याचा थर इंधनावर पसरून त्याची वाफ दाबून धरतो. हे कंपाउंड वाहनांवर असावे लागतेच, पण त्याच्या दुप्पट साठा विमानतळावर राखीव असावा अशीही शिफारस आहे, म्हणजे एकदा टाक्या रित्या झाल्या तरी सिद्धता रिती होऊ नये.

पण साठवलेले ते सिद्धच असते असे नाही, आणि म्हणून दर शिफ्टच्या आरंभी जे घडते ते मला नित्यपूजेइतके पवित्र वाटते. रात्रीचे जवान ड्यूटी सोपवतात, सकाळचे घेतात, आणि सोपवणे म्हणजे चावी हातात देणे नव्हे. पाण्याची पातळी, फोमची पातळी, डिझेल, टायर, हवेचा दाब, सायरन, टपावरचा दिवा, कंट्रोल टॉवरशी रेडिओवरचा संवाद, मॉनिटरची उजवी-डावी हालचाल, प्रत्येक बीए सेटच्या, म्हणजे धुरात श्वास पुरवणाऱ्या साधनाच्या, सिलिंडरवरचा काटा, मास्कची पट्टी, पत्रा कापणाऱ्या हायड्रॉलिक कटरचे तोंड, हे एकेक हात लावून पाहायचे आणि रजिस्टरात सही करायची. काल पाहिले होते, रात्रीत कोणी हात लावलेला नाही, तरीही आज पुन्हा पाहायचे. ज्याला हे निरर्थक आवर्तन वाटते त्याने एवढाच विचार करावा की नामस्मरणात कालचे नाम आज चालत नाही, ते का. सिद्धता साठवता येत नाही. ती रोज नव्याने उत्पन्न करावी लागते, आणि रजिस्टरावरची ती सही म्हणजे आजच्या दिवसापुरती तिची ग्वाही असते.

एवढे असूनही सिद्धता अपुरी राहू शकते, आणि त्याचा एक अतिशय क्लेशकारक दाखला आपल्यासमोर आहे. 19 ऑगस्ट 1980 रोजी सौदिया या विमान कंपनीचे लॉकहीड ट्रायस्टार जातीचे विमान रियाधहून निघाले आणि थोड्याच वेळात मागच्या सामानकक्षात आग लागल्याचे कळल्यामुळे माघारी फिरून सुखरूप उतरले. नीट ऐका, सुखरूप उतरले. आत 301 माणसे होती. विमान धावपट्टीवर तातडीने न थांबवता पुढे नेऊन टॅक्सीवेवर थांबवण्यात आले, इंजिने आणखी काही मिनिटे चालूच राहिली, त्यामुळे मदतीला आलेल्यांना जवळ जाता येईना. आणि इंजिने बंद झाल्यावरही बाहेरून दार उघडायला सुमारे 23 मिनिटे लागली, तोवर आत कोणीही जिवंत उरले नव्हते. वाहने जवळ उभी होती, माणसे होती, पाणी होते. त्या विमानाचे दार बाहेरून कसे उघडते याचा पुरेसा अभ्यास त्या हातांना नव्हता. वस्तू सिद्ध होती आणि ज्ञान सिद्ध नव्हते. म्हणून आज जाणते अधिकारी आपल्या जवानांना रिकाम्या उभ्या असलेल्या विमानापाशी नेतात, प्रत्येक जातीच्या विमानाचे दार, त्याची मूठ, घसरगुंडी आपोआप फुगू नये म्हणून घ्यायची खबरदारी, पत्रा कुठे कापायचा त्याच्या खुणा, हे सारे हातांना शिकवतात, कारण धुरात डोळे काही सांगत नाहीत.

साधकहो, आता या सिद्धतेच्या सर्वांत एकाकी वेळेकडे पाहू. वैमानिकाने कळवले की चाकांच्या यंत्रणेत दोष दाखवतो आहे. टॉवरने फुल इमर्जन्सी जाहीर केली. वॉच रूममधली घंटा वाजली. चंदेरी अंगरखे चढवून माणसे वाहनांत बसली, वाहने धावपट्टीलगतच्या ठरलेल्या जागांवर जाऊन इंजिने चालू ठेवून उभी राहिली. विमान उतरले. काहीही झाले नाही. वाहने त्याच्यामागून ते उभे करण्याच्या जागेपर्यंत गेली, चाके फार तापली नाहीत ना हे पाहिले, तेही पुढून किंवा मागून, कारण तापलेले चाक फुटले तर तुकडे बाजूंना उडतात, आणि मग सारी परत येऊन पुन्हा धावपट्टीकडे तोंड करून उभी राहिली. प्रवासी टॅक्सीच्या रांगेत निघून गेले. नोंदवहीत एक ओळ पडली. फळाची अपेक्षा न धरता कर्म करावे हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि त्याचा अर्थ फळ आले तर येवो, न आले तर न येवो असा लावतो. इथे मात्र सेवक आपल्या सेवेचे फळ येऊच नये अशी मनापासून प्रार्थना करतो आणि तरी सेवेत तसूभर उणे ठेवत नाही. अशा माणसाची सारी नोकरी एकही जळते विमान न पाहता संपली तर तो रित्या हातांनी निवृत्त झाला असे कोणी म्हणू नये. त्या वर्षांत जितकी विमाने तिथे उतरली, ती त्याच्या सिद्धतेच्या आधारावरच उतरली. कारण सीएफटी नादुरुस्त झाले आणि बदली वाहन नसले, तर विमानतळाला आपला अग्निशमन वर्ग खाली आल्याचे जाहीर करावे लागते, आणि तेवढ्याने काही मोठ्या विमानांचे येणे थांबू शकते. उणीव जगाला उघडपणे सांगणे हाही इथे सिद्धतेचाच भाग आहे. झाकलेली उणीव घेऊन उभे राहणारा सिद्ध नव्हे.

सिद्धतेने इजाही होते, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. 6 जुलै 2013 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला आशियाना एअरलाइन्सचे विमान कोसळले तेव्हा जमिनीवर पडलेली एक किशोरवयीन मुलगी फेसाखाली झाकली गेली आणि मदतीला आलेले वाहन तिच्यावरून गेले. तसेच, ज्या फोमने दशकानुदशके जीव राखले त्यातली फ्लोरीनयुक्त रसायने मातीत आणि भूजलात टिकून राहतात असे दिसून आल्यामुळे आता ती सोडून फ्लोरीनविरहित फोमकडे वळावे लागते आहे. अमेरिकेने 2023 मध्ये त्याचे मानक जाहीर केले. धावत असताना पायाखाली कोण आहे हे पाहणे, आणि काल जे तारक होते ते आज तपासून पाहणे, हे ज्या सिद्धतेत नाही ती अजून कच्ची आहे.

आपल्या मुंबईतच 14 सप्टेंबर 2023 च्या संध्याकाळी, धो धो पावसात, विशाखापट्टणमहून आलेले लिअरजेट 45 हे लहान विमान उतरताना कोसळले, त्याचे तुकडे झाले, आग लागली, ती विझवण्यात आली आणि आतली आठही माणसे वाचली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मोडलेल्या विमानाचे छायाचित्र होते. ज्या हातांनी आदल्या सकाळी काटे पाहून सही केली होती ते छायाचित्रात नव्हते, आणि असायला हवेत असेही त्यांना वाटत नसावे. खंडेनवमीला आपण हत्यारांना, अवजारांना, वाहनांना झेंडूची माळ घालतो. वापरातून त्यांना जरा विसावा देऊन त्यांच्या असण्यालाच नमस्कार करण्याचा हा आपल्या पूर्वजांनी घालून दिलेला परिपाठ सीएफटीइतका क्वचितच कुठल्या वाहनाला शोभत असेल.

शेवटचा पदर आपल्या स्वतःशी निगडित आहे. 22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टरला उड्डाणाच्या धावेतच एका बोइंग 737 च्या इंजिनाचा स्फोट होऊन आग लागली, विमान थांबले, अग्निशमन वाहने मिनिटाच्या आत येऊन पोचली, आणि तरीही 137 पैकी 55 माणसे गेली, बहुतेक धुराने, दारापाशी झालेल्या कोंडीत. बाहेरची सिद्धता आत पुरी पडली नाही. याउलट 2 जानेवारी 2024 रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळले. त्या लहान विमानातले पाच जण मृत्युमुखी पडले, मोठे विमान पुढे कित्येक तास जळत राहून पूर्ण नष्ट झाले, पण त्यातली सर्व 379 माणसे बाहेर पडली, आठपैकी तीनच दारांतून, घोषणेची यंत्रणा बंद पडली असताना, आणि बहुतेकांनी आपले सामान जागीच सोडले होते. निम्मी दारे बंद असतानाही सगळे 90 सेकंदांत बाहेर पडू शकतील हे दाखवल्याशिवाय मोठ्या प्रवासी विमानाच्या रचनेला मान्यता मिळत नाही. बाहेरच्यांची 3 मिनिटे आहेत. हे 90 सेकंद आपले आहेत, आणि त्यांची सिद्धता दुसरे कोणी आपल्यासाठी करू शकत नाही.

म्हणून एक विनंती करतो. पुढच्या खेपेला विमानात बसाल तेव्हा, आपल्या आसनापासून पुढचे आणि मागचे दार किती रांगांवर आहे ते हाताने मोजून ठेवा, सूचना सुरू असतील तेवढी मिनिटे फोन खाली ठेवून ऐका, पट्टा कसा सुटतो ते एकदा करून पाहा. आणि कधी घसरगुंडीवरून उतरावेच लागले, तर वरच्या कप्प्यातली पिशवी तिथेच राहू द्या.